लाइफटाइम ऑइल आणि आप्पांच्या तीन बाटल्या

परवाच्या कोजागिरीला मंडळाच्या आवारात दूध आटत होतं, तेव्हा आम्ही काही जण पार्किंगमध्ये गप्पा मारत उभे होतो. सहज म्हणून गाड्या मोजल्या. एकवीस गाड्या, त्यातल्या नऊ ऑटोमॅटिक. दहा वर्षांपूर्वी फार तर एखादी असती. मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, "गिअरबॉक्सचं ऑइल शेवटचं कधी बदललं?" आठ जणांचं उत्तर जवळपास सारखं होतं, "ते बदलायचं असतं?"

नववी गाडी आमची. आणि मला हा प्रश्न दीड वर्षापूर्वी कुणी विचारला असता, तर माझंही उत्तर तेच असतं. गप्पा ऐकणाऱ्या संपादकांनी तिथेच "हे लिहून दे" म्हणून सांगितलं, म्हणून हा लेख. मी कॉम्प्युटरची इंजिनिअर आहे, मेकॅनिकलची नाही, हे आधीच सांगते. यातलं निम्मं ज्ञान आप्पांचं आहे आणि चुका बहुतेक माझ्या.

आप्पांचा डावा गुडघा तीन वर्षांपूर्वी बदलला. ऑपरेशन चांगलं झालं, जिने चढतात, टिळकवाडीतून चालत भाजी आणतात. पण क्लच दाबायचा म्हटलं की अर्ध्या तासात गुडघा भरून यायचा. चाळीस वर्षं स्कूटर, मग जीप, मग कार चालवलेला माणूस एकदम मागच्या सीटवर गेला. महिन्यातून एकदा म्हापशाला आत्याकडे जायचे, तेही बंद झालं. "कुणाला कशाला त्रास, फोनवर बोलतो की," म्हणायचे. आत्याला ऐकू कमी येतं. फोनवर ती दोघं काय बोलत असतील ते बोलत असतील.

म्हणून मी सेकंडहँड ऑटोमॅटिक घेतली. २०१६ ची डिझेल, सहा गिअरची, ६१,००० किलोमीटर झालेली. डाव्या पायाला काहीच काम नाही. पहिल्याच रविवारी आप्पा एकटे काँग्रेस रोडवर फेरी मारून आले आणि काही न बोलता किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. त्या दिवसापासून गाडी नावाने माझी, बाकी त्यांची. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, साखळी करत म्हापसा पुन्हा सुरू झालं.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास आप्पा म्हापशाहून आले ते गप्प होते. जेवताना म्हणाले, "गाडी थरथरते." पन्नास-साठच्या वेगाने, हलका चढ असताना, ॲक्सिलरेटरवर पाय जेमतेम टेकवलेला असला की रस्त्यावरच्या जाड पांढऱ्या पट्ट्यांवरून गेल्यासारखी सेकंदभर थरथर. पाय जोरात दाबला की बंद. शिवाय सकाळी गाडी मागे घेताना रिव्हर्स टाकला की आधी काहीच होत नसे, मग एक-दोन सेकंदांनी 'धप्' करून गिअर पडे.

मी गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. तिथला मुलगा नम्र होता. त्याने चालवून बघितली, कॉम्प्युटर लावला आणि दुसऱ्या दिवशी फोन केला. गिअरबॉक्स असेंब्ली बदलावी लागेल, दोन लाख ऐंशी हजार, मजुरी वेगळी. मी विचारलं, "ऑइल बदलून बघितलं तर?" तो म्हणाला, "मॅडम, यात लाइफटाइम फिल आहे. ते बदलायची गरज नसते."

पुण्याहून भावाने सांगितलं, विकून टाका. हिशेबाने त्याचं बरोबर होतं. गाडीचीच किंमत जेमतेम पाच लाख. आप्पा एवढंच म्हणाले, "मग रिक्षा आहे की." आणि किल्ली खुंटीला अडकवली. ती किल्ली तिथे लटकलेली बघणं मला दोन लाख ऐंशी हजारांपेक्षा जड गेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला विचारलं, "त्या पेटीच्या आत असतं काय? नीट सांग." मी रात्री वाचून ठेवलंच होतं. टॉर्क कन्व्हर्टर कसं चालतं ते सांगितलं, कागदावर चित्र काढलं, पंप, व्हॉल्व्ह बॉडी, सोलेनॉईड, क्लचच्या चकत्या. आप्पांनी चष्मा लावून ते चित्र बघितलं आणि म्हणाले, "अगं, हे हायड्रॉलिकच आहे की!"

इथे आप्पांबद्दल सांगायला हवं. त्यांनी एकतीस वर्षं उद्यमबागेत हायड्रॉलिक व्हॉल्व्ह जोडले. बेळगावच्या माणसाला उद्यमबाग सांगायला नको, पण इंदूर-बडोद्याच्या वाचकांसाठी सांगते. फाउंड्री, मशीन शॉप आणि हायड्रॉलिकचे पंप-व्हॉल्व्ह बनवणारे कारखाने यांची ही वसाहत. माझं इंजिनिअरिंग कॉलेजही तिथेच. मी वर्गात जायचे, आप्पा शॉपमध्ये, आणि आम्ही दोघं एकमेकांच्या कामाबद्दल कधी बोललो नाही.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये माणसाच्या पायाचं आणि हाताचं काम तेल करतं. इंजिनाला जोडलेला पंप तेलाला दाब देतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये एक पंखा तेल फेकतो आणि समोरचा पंखा त्या तेलाच्या माऱ्याने फिरतो. दोघांमध्ये लोखंडाची गाठ नाही, म्हणून सिग्नलला गाडी गिअरमध्ये असूनही इंजिन बंद पडत नाही. गिअर बदलायचा झाला की गाडीचा कॉम्प्युटर सोलेनॉईडला हुकूम देतो, छोटा व्हॉल्व्ह सरकतो आणि दाबाखालचं तेल योग्य त्या क्लचच्या चकत्या आवळतं. हेच तेल वंगण करतं, हेच उष्णता बाहेर नेतं. म्हणजे इंजिन ऑइलसारखं ते नुसतं वंगण नाही. तो त्या यंत्राचा चालता भाग आहे.

"यातला स्पूल आणि त्याचं भोक यांच्यात फट किती असते माहीत आहे?" आप्पांनी विचारलं. "दहा मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केस साठ-सत्तरचा. आमच्याकडे मशीन बिघडून आलं की आम्ही आधी व्हॉल्व्ह उघडत नव्हतो. आधी तेल बाटलीत काढून उजेडात धरायचो. तेल न बदलता चालणारं हायड्रॉलिक मी एकतीस वर्षांत बघितलं नाही. लाइफटाइम म्हणजे कुणाचं लाइफ, ते विचारलंस का त्यांना?"

मी नव्हतं विचारलं. म्हणून गाडीचं पुस्तक काढलं. ग्लव्ह बॉक्समध्ये तळाशी, विमा आणि पीयूसीच्या खाली, कधीही न उघडलेलं. त्यात मेंटेनन्सचे दोन तक्ते निघाले. पहिला 'सामान्य वापर'. त्यात ऑटोमॅटिक ट्रान्समिशन ऑइलपुढे लिहिलेलं, तपासणी नको, सर्व्हिस नको. पुढच्या पानावर दुसरा तक्ता, 'कठीण वापर'. त्यात त्याच ऑइलपुढे बदलण्याचे किलोमीटर दिलेले. आणि कठीण वापर म्हणजे काय? वारंवार कमी अंतराच्या फेऱ्या, धूळ, डोंगराळ रस्ते, ३२ अंशांपेक्षा जास्त उन्हात शहरातल्या गर्दीत निम्म्याहून अधिक वेळ चालवणं. मी आणि आप्पांनी एकमेकांकडे बघितलं. हे तर बेळगाव-म्हापशाचं वर्णन होतं. हैदराबाद, इंदूर, ग्वाल्हेरच्या एप्रिल-मे महिन्याचंही हेच. आपल्यापैकी कुणाची गाडी पहिल्या तक्त्यात बसते, मला शंका आहे.

म्हणजे सर्व्हिस सेंटरचा मुलगा खोटं बोलला नव्हता. त्याने पहिलं पान वाचलं होतं. झेडएफ ही जर्मन कंपनी कित्येक मोठ्या ब्रँडच्या गाड्यांसाठी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवते. त्यातल्या काही गाड्यांचे विक्रेते ऑइल लाइफटाइम असल्याचं सांगतात, आणि झेडएफ स्वतः मात्र साधारण ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षांत ते बदलायला सांगते. पेटी बनवणाऱ्याचं ऐकायचं की पेटी विकणाऱ्याचं, एवढाच प्रश्न.

तेल खराब होतं म्हणजे नक्की काय होतं? मुख्य शत्रू उष्णता. चालत्या गाडीत हे तेल साधारण ८०-९० अंशांवर असतं. त्याच्यावर दर दहा-अकरा अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं, असा तेलाच्या धंद्यातला जुना आडाखा आहे. मी माझ्या फोनला जोडणारा ओबीडी स्कॅनर लावून चोर्ला घाट चढले, तेव्हा आकडा १०८ ला गेला. सपाटीला तोच ८५ होता. दुसरं म्हणजे क्लचच्या चकत्यांची झीज, ती बारीक काजळी तेलातच फिरत राहते. तिसरी गोष्ट सगळ्यात नाजूक. या तेलात घर्षण सांभाळणारी रसायनं असतात. चकत्यांनी घट्ट धरायला हवं, पण झटका देऊन नव्हे. ही रसायनं संपत आली की क्लच धर-सोड, धर-सोड करतो. आमच्या गाडीची ती थरथर तीच होती, टॉर्क कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच नीट धरत नव्हता.

याच रसायनांची एक गंमत वाचली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. जनरल मोटर्सने १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबाईलमध्ये हायड्रा-मॅटिक नावाचा पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणला. पुढे कित्येक वर्षं अमेरिकेत या गिअरबॉक्सच्या तेलात स्पर्म व्हेल माशापासून मिळणारं तेल मिसळत असत, कारण तसा गुळगुळीतपणा दुसऱ्या कशात मिळत नव्हता. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला व्हेलला कायद्याचं संरक्षण मिळालं आणि केमिस्ट लोकांची पळापळ झाली. व्हेलला आपण प्राणी म्हणायचं हे मला माहीत आहे, पण आप्पा देवमासाच म्हणतात.

तर आम्ही ठरवलं, विकायच्या आधी एकदा ऑइल बदलून बघायचं. गेले तर काही हजार.

इथे एक इशारा. "जुन्या पेटीचं तेल बदललं की पेटी जाते" असं तुम्ही ऐकलं असेल. मीही तीन जणांकडून ऐकलं. यात थोडं तथ्य आहे, पण उलट्या बाजूने. लोक तेल कधी बदलतात? पेटी घसरायला लागल्यावर. तोपर्यंत चकत्या जळलेल्या असतात. मग पेटी जाते आणि दोष नव्या तेलाला लागतो. तरीही एक पथ्य आहे. कधीच तेल न बदललेल्या गाडीला मशीनने दाब देऊन पूर्ण फ्लश करू नये, साचलेला गाळ सुटून कुठल्या व्हॉल्व्हमध्ये बसेल सांगता येत नाही. त्यापेक्षा खालचा नट उघडून जेवढं आपोआप येईल तेवढं काढायचं, तेवढं भरायचं, थोडं चालवायचं आणि पुन्हा तेच करायचं. आमच्या पेटीत एकूण सात लिटर तेल. नट उघडल्यावर चार येतं, बाकी तीन टॉर्क कन्व्हर्टर, कूलर आणि नळ्यांत अडकून राहतं. म्हणजे एकदा बदललं की ५७ टक्के नवं, दुसऱ्यांदा ८२, तिसऱ्यांदा ९२. चौथ्यांदा करायला माझा हात शिवशिवत होता, आप्पांनी थांबवलं.

ओळखीच्या मेस्त्रींचं गॅरेज अनगोळच्या बाजूला आहे. खड्डा असलेलं, जुन्या पद्धतीचं. घरी नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरायचा मोह कुणाला झाला तर कृपया नको. ऑइल मी गाडीच्या पुस्तकातलं नाव बघून कंपनीच्या स्पेअर पार्टच्या काउंटरवरून आणलं. हे नाव अक्षरशः जुळायला हवं. ह्युंदाई-कियाच्या सहा गिअरच्या पेट्यांना एसपी-फोर, टोयोटाच्या बऱ्याच पेट्यांना डब्ल्यूएस, होंडाच्या सीव्हीटीला एचसीएफ-टू, निसानच्या सीव्हीटीला एनएस-थ्री. "सगळ्यांना चालतं" लिहिलेला एक डबा मला दुकानात निम्म्या किमतीत मिळत होता. घर्षणाचं एवढं सगळं वाचल्यावर तो घ्यायची हिंमत झाली नाही.

खड्ड्यात उतरायच्या आधी आप्पांनी मेस्त्रींना थांबवलं. "आधी भरायचा नट सोडवा, मग काढायचा." मेस्त्री हसले, पण का ते त्यांना लगेच कळलं. खालचा नट उघडून तेल सांडून टाकलं आणि वरचा भरायचा नट गंजून अडकलेला निघाला, तर गाडी तिथेच उभी. मला हे कधी सुचलं नसतं.

तेल आलं ते कॉफीसारखं. नवं असताना ते लाल असतं, रंग मुद्दाम घातलेला असतो, म्हणजे जमिनीवर डाग दिसला की इंजिनाचा की गिअरबॉक्सचा ते कळावं. तेल जळकं नव्हतं, पण वास शिळा होता. नटाच्या टोकाला चुंबक असतं, त्यावर करड्या रंगाची मऊ पेस्ट चिकटली होती. आप्पांनी ती दोन बोटांत चोळून बघितली. "पीठ आहे, कीस नाही. वाचली." पेस्ट ही साधी झीज असते. हाताला टोचणारे धातूचे कपचे लागले असते आणि तेलाला करपलेला वास असता, तर आम्ही नवं तेल न भरता गाडी तशीच विकायला काढली असती. मरणाऱ्या पेटीला नवं तेल हे औषध नाही.

आप्पांनी त्यातलं थोडं तेल लोणच्याच्या रिकाम्या बाटलीत भरून घेतलं. वर तारीख.

आता माझी चूक. गाडी रात्रभर उभी होती, तेल गार होतं. मोजून बघितलं तर ३.४ लिटर आलं. मी म्हटलं, जेवढं काढलं तेवढं भरा. मेस्त्रींनी ३.४ भरलं, नव्या वॉशरसह नट बसवला, आम्ही घरी. दुसऱ्या दिवशी जांबोटीच्या रस्त्यावर चढाला दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरवर जाताना इंजिन एकदम ओरडलं, वेग मात्र वाढेना. थरथर तर होतीच. माझ्या पोटात गोळा आला. दोन लाख ऐंशी हजार डोळ्यांसमोर उभे राहिले आणि त्याच्यामागे खुंटीवरची किल्ली.

घरी येऊन मी अगदी प्रोग्रॅममधली चूक शोधावी तसं मागे मागे जात बसले. चार यायला हवं होतं, ३.४ का आलं? म्हणजे मुळातच तेल कमी होतं. मेस्त्रींनी पुन्हा खाली बघितलं तर चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टच्या सीलभोवती जुना ओलावा, धूळ बसून काळा झालेला. वर्षानुवर्षं थेंब थेंब गेलं होतं. मी प्रामाणिकपणे तेवढंच कमी तेल परत भरलं होतं. कोड जसाच्या तसा कॉपी केला, बगसकट.

इंजिन ऑइलसारखी दांडी काढून पातळी बघायची सोय जुन्या गिअरबॉक्सना असायची. हल्लीच्या बऱ्याच पेट्यांना ती नसते. पातळी बघायची पद्धत अशी. सील बदलून झाल्यावर गाडी पूर्ण सपाटीवर, इंजिन चालू, ब्रेकवर पाय. लिव्हर पी, आर, एन, डी असं प्रत्येक ठिकाणी दोन-तीन सेकंद थांबत फिरवायचं, म्हणजे तेल सगळीकडे पोचतं. मग पी मध्ये ठेवून तेलाचं तापमान वाढू द्यायचं. आमच्या पेटीला ५० ते ६० अंश सांगितलं आहे, तुमच्या पेटीचा आकडा वेगळा असू शकतो. त्या तापमानाला पातळीचा वेगळा नट उघडायचा. तेलाची बारीक धार आली आणि हळूहळू थेंबांवर आली, की पातळी बरोबर. काहीच आलं नाही तर कमी. जोरात आलं तर जास्त, आणि जास्तही वाईट, तेलाला फेस येतो आणि दाब बसत नाही. तापमानाचा एवढा आग्रह का, तर तेल तापलं की फुगतं. गार असताना मोजलेली पातळी म्हणजे अंदाज.

मी गाडीत फोन धरून बसले, आप्पा खड्ड्याच्या कडेला स्टुलावर. "एक्केचाळीस... अठ्ठेचाळीस... पंचावन्न!" मेस्त्रींनी नट उघडला. एक थेंब नाही. मग नरसाळ्याने शंभर-शंभर मिली भरत गेलो. सातव्या वेळी धार आली. आप्पा नुसते "हं" म्हणाले. एकतीस वर्षं ज्याने ज्याने मशीन जोडून दिलं असेल त्याला ते असंच "हं" म्हणत असावेत.

ओरडणं त्याच दिवशी थांबलं. थरथर कमी झाली. नऊशे किलोमीटरनंतर दुसऱ्यांदा तेल बदललं, यावेळी गाडी थोडी चालवून, तेल कोमट असताना, आणि बरोबर चार लिटर आलं. तिसऱ्यांदा या जूनमध्ये, ८५,१०० ला. रिव्हर्सचा 'धप्' गेला. तिन्ही वेळचं ऑइल, वॉशर, सील, मजुरी मिळून सतरा हजारांच्या आत काम झालं. थरथर पूर्ण गेली असं मात्र मी म्हणणार नाही. कणकुंबीच्या पुढे एका लांब चढावर, गाडी भरलेली असली, तर कधीतरी किंचित जाणवते. क्लचची जी झीज झाली ती झाली. ६१,००० ला गाडी घेतली तेव्हाच बदललं असतं तर तीही नसती, असं मला वाटतं.

आता बाकीच्यांच्या गाड्यांबद्दल थोडक्यात, कारण कोजागिरीला सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होता. तुमची ऑटोमॅटिक कोणत्या जातीची आहे ते आधी बघा. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओपासून आपल्याकडे पसरलेली एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेवढं यंत्र करतं. त्यात लाल तेल नसतं, साधं गिअर ऑइल असतं, ते पुस्तकाप्रमाणे बदला, वरचं रामायण तुम्हाला लागू नाही. सीव्हीटीमध्ये दोन पुल्यांवर पोलादी पट्टा फिरतो आणि तो पट्टा घसरू न देणं हे तेलाचं काम, त्यामुळे तेलाच्या बाबतीत ही सगळ्यात हळवी जात. चाळीस ते साठ हजारांच्या दरम्यान बदलाच आणि दुसरं तेल चुकूनही घालू नका. ड्युअल क्लचमध्ये कोरडा आणि ओला असे दोन प्रकार, दोघांचं तेल वेगळं, हिशेब वेगळा. ते काम माहितगार ठिकाणीच करून घ्या.

आणि आमच्यासारखी टॉर्क कन्व्हर्टरची पेटी असेल तर माझं मत ६०,००० किलोमीटर किंवा सहा वर्षं, जे आधी येईल ते. पुस्तकातला कठीण वापराचा आकडा त्याहून कमी असेल तर तो. गाडी फक्त हायवेला धावत असेल तर आणखी वीस हजार थांबलं तरी चालेल. वॉरंटी शिल्लक असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच करून बिल जपून ठेवा. "गरज नाही" म्हणाले तर दुसरा तक्ता उघडून दाखवा, वाद न घालता करून देतात. सेकंडहँड गाडी घेतलीत आणि आधीच्या मालकाकडे ऑइल बदलल्याचा कागद नसेल, तर बदललेलं नाही असंच धरा. पातळी तापमानाला बघणार का, हे गॅरेजवाल्याला आधी विचारा. "एवढं काही लागत नाही" असं उत्तर आलं तर दुसरं गॅरेज शोधा. काढलेलं तेल गटारात जाणार नाही एवढंही बघा. आमचे मेस्त्री ते पिंपात साठवून जुनं ऑइल घेणाऱ्याला देतात.

खरं तर ६०,००० वर आमच्या घरात एकमत नाही. आप्पांच्या मते चोर्ला करणाऱ्या गाडीला चाळीसच. गॅस सिलिंडरच्या तारखा ज्या डायरीत लिहितात त्याच डायरीत त्यांनी लिहून ठेवलंय, "गाडी. ८५,१००. पुढचं १,२५,०००." मी खोडून १,४५,००० केलं होतं. त्यांनी पुन्हा खोडून आपलं केलं.

तीन बाटल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ओळीने उभ्या आहेत, काळपट, तपकिरी आणि लालसर. आईने दोनदा फेकायला काढल्या. आप्पा म्हणतात, आत्या दिवाळीला येणार आहे, तिला दाखवायच्या आहेत. तिला आणायला ते स्वतः जाणार आहेत, शनिवारी पहाटे, ऊन चढायच्या आत घाट उतरायचा म्हणून.